दोष कॅमेऱ्याचा की आपल्या घाईचा ?

‘कला शाखेच्या विद्यार्थ्याला यंत्राशी काय कर्तव्य ?’ हा प्रश्न आपल्याकडे अजूनही मोठ्या सहजतेने विचारला जातो. यंत्रे विज्ञानवाल्यांनी चालवावीत, आपण ग्रंथ वाचावेत, अशी एक सोयीस्कर वाटणी आपण मनाशी करून ठेवली आहे. दुसऱ्या बाजूला आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि सहलीला निघालेली बस गावात शिरण्यापूर्वीच शंभर-दोनशे छायाचित्रे निघालेली असतात. म्हणजे यंत्र आपण वापरतो, फक्त ते समजून घेत नाही. या दोन गोष्टींतील अंतर किती महाग पडते, हे मला कौंडण्यपूरच्या संदर्भात आणि छायाचित्रणातील एका अगदी लहानशा तंत्राच्या निमित्ताने मांडावयाचे आहे. त्या तंत्राचे नाव फोकस ब्रॅकेटिंग. नाव परके असले तरी त्यामागील कल्पना आपल्या आजीच्याही ध्यानात येईल इतकी सोपी आहे.

कौंडण्यपूर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम रुक्मिणी उभी राहते. विदर्भराज भीष्मकाची ही राजधानी, अंबिकेच्या दर्शनाला निघालेली राजकन्या आणि तिला रथात घेऊन जाणारा श्रीकृष्ण ही कथा महानुभाव कवी नरेंद्राने सांगितली, संत एकनाथांनी सांगितली आणि वऱ्हाडातील घराघरांतून ती आजही सांगितली जाते. आषाढीसाठी येथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते; ही परंपरा १५९४ सालापासूनची म्हणून सांगितली जाते. हे झाले श्रद्धेचे कौंडण्यपूर. पण तिवसा तालुक्यातील वर्धेच्या काठावर आणखी एक कौंडण्यपूर आहे आणि ते मातीखाली आहे. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९६० च्या दशकात येथे उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९६८ साली प्रसिद्ध झाला. दीक्षित हे मण्यांचे फार मोठे जाणकार होते. भारतातील रेखांकित मण्यांवरील त्यांचा ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९४९ साली प्रकाशित केला होता, तर भारतीय काचेच्या इतिहासावरील त्यांचा ग्रंथ १९६९ चा. जो माणूस एका मण्याकडे पाहून त्याचा देश, काळ आणि कारागिरी ओळखू शकत होता, त्याने या भूमीत खोदकाम करावे, हा मोठा योग म्हणावा लागेल.

आता मुद्दा असा की, इतिहास केवळ राजवाड्यांच्या भिंतींत नसतो. किंबहुना बहुतेक वेळा तो खापराच्या तुकड्यात, काचेच्या मण्यात, झिजलेल्या नाण्यात आणि शंखाच्या बांगडीच्या कपच्यात असतो. शेतकरी जमिनीला ‘काळी’ आणि ‘पांढरी’ अशी दोन नावे देतो. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे पूर्वी माणसे नांदून गेली ती वस्तीची जमीन. पावसाचे पाणी उतारावरून वाहून गेले की अशा पांढरीवर खापरे उघडी पडतात. मग काय होते ? येणारा-जाणारा वाकतो, एखादा रंगीत मणी उचलतो, खिशात घालतो आणि घरी जाऊन विसरतो. तो मणी कोठे सापडला, त्याच्या शेजारी काय होते, कोणत्या उतारावर होता, ही सर्व माहिती त्याच क्षणी मरते. उरतो तो नुसता एक सुंदर खडा.

कायदाही याबाबतीत स्पष्ट आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या निधीची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना, आणि हस्तलिखितांच्या बाबतीत पंचाहत्तर वर्षांहून जुन्या पोथ्यांना, संरक्षण दिले आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी विद्यार्थ्याचा धर्म उरतोच. त्याने वस्तू उचलू नये, नोंद उचलावी. आणि नोंदीचे आजचे सर्वांत सोपे साधन म्हणजे छायाचित्र. मात्र ते छायाचित्र पुरावा म्हणून उभे राहावयाचे असेल, तर ते केवळ सुंदर असून चालणार नाही. ते नखशिखान्त स्पष्ट असले पाहिजे. खरी अडचण येथेच सुरू होते.

एक गोल मणी घ्या. व्यास समजा ८ मिलिमीटर. मॅक्रो भिंगाने त्याचे छायाचित्र प्रत्यक्ष आकाराइतके, म्हणजे एकास एक प्रमाणात घेतले आणि छिद्रमान एफ/८ ठेवले, तर मोठ्या ३५ मिलिमीटर मापाच्या संवेदकावर स्पष्ट दिसणारा थर सुमारे १ मिलिमीटर जाडीचा असतो. मण्याचे आपल्याकडील टोक आणि त्याचा मध्यवर्ती घेर यांत ४ मिलिमीटरांचे अंतर आहे. म्हणजे टोक स्पष्ट आले की घेर धूसर, आणि घेर स्पष्ट आला की टोक धूसर. भिंगाचे छिद्र एफ/१६ पर्यंत बारीक केले तर थर सुमारे दुप्पट होतो हे खरे. पण छिद्र फार बारीक केले की प्रकाश कडांवरून वाकतो आणि सगळेच चित्र थोडेसे मऊ पडते. एका हाताने मिळाले ते दुसऱ्या हाताने गेले !

यावर उपाय म्हणजे एकच चित्र घेण्याचा हट्ट सोडणे. प्रथम जवळच्या टोकावर फोकस करावा, मग थोडा मागे, मग आणखी थोडा मागे, अशी दहाएक चित्रे घ्यावीत आणि प्रत्येकातील स्पष्ट भाग उचलून संगणकावर त्यांचे एक चित्र जुळवावे. वर सांगितलेल्या मण्यासाठी प्रत्येक पाऊल सुमारे ०.६ मिलिमीटरचे धरले, म्हणजे शेजारच्या दोन थरांत एक-तृतीयांशाहून थोडा अधिक भाग सामाईक राहील, तर आठ-दहा चित्रांत काम होते. पूर्वी हे पाऊल हाताने टाकावे लागे. २०१५ साली ऑलिंपसच्या कॅमेऱ्यांत ते आपोआप टाकण्याची सोय आली. २०१७ मध्ये निकॉनच्या डी८५० मध्ये ती ‘फोकस शिफ्ट’ या नावाने आली आणि २०१९ मध्ये कॅननच्या ईओएस आरपीमध्ये. कॅमेऱ्याला फक्त तीन गोष्टी सांगावयाच्या: कोठून सुरुवात, किती मोठे पाऊल आणि किती चित्रे.

इतके सोपे असूनही पहिल्या प्रयत्नात हे बहुतेकांना साधत नाही. मग ‘कॅमेरा बिघडला’ असे म्हणून तो कपाटात परत जातो. माझे म्हणणे असे की, शंभरापैकी नव्वद वेळा कॅमेरा बिघडलेला नसतो, आपली विचारपूस करण्याची पद्धत बिघडलेली असते. गावातील जुना वैद्य रोग्याची नाडी पाहताना जशी एक एक शक्यता बाजूला सारत जात असे, तसेच येथेही करावे लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. चार खटके एकदम फिरवले तर दोष गेला तरी का गेला हे कळत नाही.

पहिली तक्रार म्हणजे ती सोय यादीत दिसते पण निवडता येत नाही, तिचे अक्षर फिके पडलेले असते. याचे सर्वांत सामान्य कारण भिंगावरील खटका हाताच्या फोकसवर असणे हे होय. कॅमेऱ्याला भिंग स्वतः फिरवावयाचे आहे. आपण त्याचे हातच बांधले तर तो काय करणार? दुसरे कारण, भिंगच जुने असणे. ज्या भिंगात स्वतःची मोटर नाही किंवा जे कॅमेऱ्याशी बोलू शकत नाही, त्यावर ही सोय चालत नाही. तिसरे कारण, दुसरी एखादी सोय आधीच चालू असणे; काही कॅमेऱ्यांत फ्लॅश जोडलेला असला तरीही ही वाट बंद होते. ही तीन कारणे तपासायला दोन मिनिटे पुरतात.

दुसरी तक्रार अशी की, मालिका झाली, पण वस्तूचा आपल्याकडील भाग कोणत्याच चित्रात स्पष्ट नाही. निकॉन आणि कॅननसारखे कॅमेरे सुरुवातीच्या बिंदूपासून केवळ दूर जातात, जवळ येत नाहीत. आपण सवयीने मण्याच्या मधोमध फोकस करतो, आणि तेथूनच चूक सुरू होते. फोकस मण्याच्या अगदी जवळच्या टोकावर, शक्य तर त्याच्याही केसभर अलीकडे ठेवावा. एखाद-दुसरे चित्र वाया गेले तरी चालेल. डिजिटल चित्राला फिल्मचा खर्च नाही.

तिसरी तक्रार, जुळवलेल्या चित्रात स्पष्ट आणि धूसर असे पट्टे दिसतात, जणू शेतात एक ओळ उगवली आणि एक नाही. पाऊल फार मोठे पडले, दोन थरांच्या मध्ये जागा कोरी राहिली, एवढाच याचा अर्थ. पाऊल कमी करावे. उलट पन्नास चित्रे घेऊनही मण्याचा मागचा घेर आला नाही, तर पाऊल फार लहान आहे. आणि मालिका मध्येच थांबली, तर फोकस अनंतापर्यंत पोचला आहे, कार्ड भरले आहे की बॅटरी संपत आली आहे, हे पाहावे.

येथे एक मेख आहे. कॅमेऱ्यातील पावलाचे १ ते १० हे आकडे मिलिमीटरांचे नव्हेत. ते भिंगानुसार आणि बहुधा छिद्रमानानुसारही बदलतात. म्हणून दुसऱ्याने सांगितलेला आकडा आपल्या कामाचा नाही; आपल्या भिंगाचा आकडा आपणच काढला पाहिजे. त्यासाठी कंपासपेटीतील पट्टी ४५ अंशांत तिरकी टेकवून ठेवावी आणि तिच्यावर मालिका घ्यावी. कोणत्या चित्रात कोणता मिलिमीटर स्पष्ट आहे हे पट्टीच सांगते. तिरकस पट्टीवरील १ मिलिमीटर म्हणजे खोलीतील सुमारे ०.७ मिलिमीटर, एवढा हिशेब ध्यानात ठेवला की झाले. एका दुपारी हा तक्ता तयार होतो आणि पुढे कायम उपयोगी पडतो.

चौथी तक्रार हलण्याची. दहा चित्रे होईपर्यंत वस्तू, कॅमेरा आणि प्रकाश तिन्ही स्थिर पाहिजेत. वऱ्हाडातील काळी माती ही काही तिवईची मैत्रीण नव्हे. उन्हाळ्यात तिला भेगा, पावसाळ्यात ती पाय गिळते. तिवईच्या पायांखाली सपाट दगड किंवा फळीचे तुकडे द्यावेत. काम सकाळी करावे, वारा कमी असतो आणि कोवळे तिरपे ऊन वस्तूचा उठाव दाखवते. महाविद्यालयाच्या खोलीत काम असेल तर प्रथम छताचा पंखा बंद करावा. चित्र घेण्याची कळ बोटाने न दाबता दोन सेकंदांच्या विलंबावर किंवा दूरनियंत्रकावर सोपवावी. तिवईवर कॅमेरा असताना भिंगातील स्थिरकारक बंद ठेवून पाहावा. कधी कधी तो नसलेले कंपन शोधत बसतो.

पाचवी तक्रार, चित्रे एकसारखी उजळ नाहीत किंवा त्यांच्यावर आडव्या सावल्यांच्या पट्ट्या आहेत. स्वयंचलित प्रकाशमापन चालू असले तर कॅमेरा प्रत्येक चित्राला वेगळा निर्णय देतो. म्हणून वेग, छिद्रमान, संवेदनशीलता आणि रंगसमतोल चारही हाताने पक्के करावेत. पट्ट्यांचे कारण बहुधा ट्यूबलाईट किंवा स्वस्त एलईडी दिवा. आपली वीज ५० आवर्तनांची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. मूक शटर वापरताना वेग १/५० किंवा त्याहून संथ ठेवला की पट्ट्या सहसा जातात. खिडकीतील उजेड वापरला तर प्रश्नच उरत नाही.

शेवटची तक्रार जुळणीची. फोकस बदलला की चित्राचा आकारही किंचित लहान-मोठा होतो. संगणकाचा कार्यक्रम तो सावरून घेतो, पण कडा कापल्या जातात. म्हणून वस्तूभोवती मोकळी जागा सोडावी. हेलिकॉन फोकस, झिरीन स्टॅकर ही या कामाची विकत मिळणारी साधने. फोटोशॉपमध्येही २००८ पासून ही सोय आहे. पण गरिबाघरच्या विद्यार्थ्याने निराश होण्याचे कारण नाही. हगिन आणि एनफ्यूज ही साधने विनामूल्य आहेत.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, ‘एवढा खटाटोप कशासाठी ? मोबाईल आहे की !’ या आक्षेपात तथ्य आहे. मोबाईलचा संवेदक लहान असल्यामुळे त्याचा स्पष्ट थर जाड असतो. सपाट नाणे असेल, तर ते कॅमेऱ्याला अगदी समांतर ठेवून एकच चित्र घ्यावे. नाण्याचा उठाव मुळात एक मिलिमीटरच्या आतबाहेर, त्याला ब्रॅकेटिंग लागत नाही. पोथीचे पान सपाट असेल तर तेथेही नाही. तेवढ्या अंतरावरून छिद्रमान थोडे बारीक केले की काम भागते. आपल्याच जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे काशी, आणि सांकेतिक लिपीतील पोथ्या ही त्या पंथाने मराठीला दिलेली ठेव. अशा पोथीचे पान घडीत वळलेले असेल आणि ते सपाट दाबणे म्हणजे ते मोडणे असेल, तर मात्र दोन-तीन टप्प्यांची मालिका पोथीला हात न लावता अनुस्वारासकट अक्षर वाचवते. तंत्र कोठे वापरावे यापेक्षा कोठे वापरू नये हे ज्याला कळले, त्यालाच ते तंत्र आले असे मी म्हणेन.

पण मण्याच्या भोकाचे काय ? मणी दोन्ही बाजूंनी कोरत आणला की मध्ये कोठे गाठ पडली, कोरणीचे वळे कसे उमटले, यावरून कारागिराचे हत्यार कळते. लाल कार्नेलियनवर क्षाराने रेषा काढून तो भाजला की पांढरी नक्षी उमटते. ती नक्षी गोलाईवरून कशी वळली हे टोकापासून घेरापर्यंत एका दृष्टीत दिसले पाहिजे. येथे मोबाईलचे चित्र पुरे पडत नाही. येथे धीरच लागतो.

आणखी एक आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘दहा चित्रे जोडून केलेले चित्र खरे कसे ? हे तर रचलेले चित्र.’ मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो आणि तो विचारण्याचा पहिला अधिकार कला शाखेचाच आहे. जुळवलेले चित्र हे संपादित पाठासारखे आहे. दहा हस्तलिखिते पाहून संपादक एक पाठ ठरवतो, तसेच येथे संगणक दहा थर पाहून एक ठरवतो. आणि संपादक चुकू शकतो, तसा तोही चुकतो. कडांभोवती खोटी प्रभावळ उमटवतो, एखादा ओरखडा दोनदा दाखवतो. म्हणून प्रामाणिक संपादक जसा पाठभेद जपून ठेवतो, तशी आपण मूळ दहा चित्रेही जपली पाहिजेत, आणि जुळवलेल्या चित्राखाली ‘इतक्या चित्रांतून जुळवलेले’ असे स्वच्छ लिहिले पाहिजे. शेजारी मापाची पट्टी, दिनांक आणि जागा. एवढे केले की ते चित्र पुरावा होते. न केले तर ती केवळ करामत.

म्हणून प्राध्यापकांना माझी विनंती आहे की, इतिहास आणि मराठी या दोन विभागांनी मिळून एक लहानशी नोंदखोली सुरू करावी. तिला फार खर्च नाही. एक कॅमेरा, एक मॅक्रो भिंग, एक जड तिवई, खिडकीजवळचे एक न डुगडुगणारे टेबल आणि एक वही. वहीत प्रत्येक मालिकेचे पाऊल, छिद्रमान, चित्रांची संख्या आणि आलेला दोष लिहावा. दरवर्षी नवे विद्यार्थी येतात आणि दरवर्षी तेच दोष नव्याने शोधतात. ही वही असेल तर ते मागच्यांच्या खांद्यावरून पुढे पाहू लागतील. गावातील लोकांकडे असलेल्या पोथ्या, भांडी, नाणी त्यांच्या घरातच, त्यांच्या परवानगीने टिपता येतील, आणि टेकाडावर दिसलेली वस्तू जागीच टिपून पुरातत्त्व विभागाला कळवता येईल. उचलायचे काहीच नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांलाही एक सांगावयाचे आहे. पुढील वेळी कौंडण्यपूरला जाल तेव्हा देवळाच्या पायरीवर स्वतःचे छायाचित्र अवश्य काढा, त्यात काही वावगे नाही. पण त्यानंतर अर्धा तास त्या पांढरीसाठीही ठेवा. शेकडो वर्षांपूर्वी कोणीतरी एका लहानशा दगडाला भोक पाडण्यासाठी कित्येक तास घालवले. त्या माणसाचे नाव कोणत्याही काव्यात नाही, कोणत्याही ताम्रपटात नाही. त्याची ओळख पटविणारी खूण त्या भोकाच्या आत, अर्ध्या मिलिमीटरच्या थरात आहे. त्याने दिलेल्या तासांपुढे आपली दहा मिनिटे आणि दहा चित्रे ही काही फार मोठी किंमत नव्हे.